ग्लेन गूल्डने मैफली का सोडल्या, आणि टेप कापून जोडणं ही फसवणूक होती का?

पियानो शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न असा: "ग्लेन गूल्डने ऐन भरात असताना, एकतिसाव्या वर्षी मैफली बंद केल्या. भर उन्हाळ्यात ओव्हरकोट, मोडकी खुर्ची, वाजवताना गुणगुणणं हे त्याचे किस्से सगळीकडे वाचायला मिळतात. तो स्टेजला घाबरायचा का? आणि स्टुडिओत तुकडे जोडून केलेलं वादन खरं कसं मानायचं? घरात रागसंगीत ऐकत वाढलो आहे, तिथे हे चालेल का?"

ग्लेन गूल्ड हा विसाव्या शतकातला कॅनडाचा पियानोवादक. आधीच सांगतो, मी पियानोवादक नाही. माझं काम ध्वनिमुद्रणाचं. टेपच्या शेवटच्या काळात या धंद्यात आलो, ब्लेडने टेप कापली, आता तेच काम पडद्यावर करतो. त्यामुळे गूल्डकडे मी काचेच्या अलीकडून, कंट्रोल रूममधून बघतो. तिथून पाहिलं तर त्याचे बरेचसे चक्रमपणे चक्रम वाटत नाहीत. काही वाटतात, आणि ते होतेही.

खुर्चीपासूनच सुरू करतो, कारण बाकीचं बरंचसं तिच्यातून निघतं. १९५३ च्या सुमाराला गूल्डच्या वडिलांनी एका घडीच्या लाकडी खुर्चीचे पाय कापून ती बुटकी केली आणि उंची कमीजास्त करायला पायांना स्क्रू बसवले. बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा इंच. पियानोच्या नेहमीच्या बाकाची उंची एकोणीस-वीस इंच असते. म्हणजे गूल्ड वाजवायला बसला की मनगट पट्ट्यांच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली, आणि नाक जवळजवळ पियानोत. टोरांटोतले त्याचे गुरू आल्बेर्तो गेरेरो हे मूळचे चिलीचे. तेही खाली बसूनच वाजवायचे. एका हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवायची आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यावर एकेक करून टिचकी मारायची, हा व्यायाम त्यांचा. बोटाला कळतं की पट्टी दाबायला किती थोडी हालचाल पुरते.

या बैठकीचा फायदा अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखच्या संगीतात लगेच ऐकू येतो. खांद्याचं वजन मुळी खाली येतच नाही, सगळं काम बोटं करतात. सुरांच्या दोन, तीन, चार ओळी एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येक ओळ सुटी, मोकळी ऐकू येते. पण त्याची किंमत असते. एवढ्या खाली बसून पियानोचा मोठा, भरदार आवाज निघत नाही. दोन-अडीच हजार माणसांच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा तर खांदा आणि पाठ लागते. गूल्डचं तंत्रच मुळात जवळून ऐकण्याचं होतं. माझ्या भाषेत सांगायचं तर तो माइकसाठी जन्मलेला हात होता, आणि त्याला सभागृहांत वाजवावं लागत होतं.

आता मैफलींचं. जानेवारी १९५५ मध्ये बावीस वर्षांच्या गूल्डने आधी वॉशिंग्टनमध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये कार्यक्रम केला. त्या वयाचा पोरगा शोपँ किंवा लिस्ट वाजवून टाळ्या घेईल अशी लोकांची अपेक्षा. याने वाजवलं गिबन्स, स्वेलिंक, बाख, उतारवयातला बेथोव्हन, बेर्ग आणि वेबर्न. दुसऱ्याच दिवशी कोलंबिया रेकॉर्ड्सने त्याला करारबद्ध केलं. त्या जूनमध्ये मॅनहॅटनच्या पूर्व ३० व्या रस्त्यावर, जुन्या चर्चमध्ये केलेल्या कोलंबियाच्या स्टुडिओत त्याने बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (आरिया नावाची एक सुरावट आणि तिच्यावर बेतलेले तीस तुकडे) मुद्रित केले. १९५६ च्या जानेवारीत तबकडी आली आणि तो जगप्रसिद्ध झाला. तोवर ही कृती सहसा हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्याच्या वादकांची आणि अभ्यासकांची मानली जायची.

१९५७ मध्ये तो सोव्हिएत रशियात गेला. महायुद्धानंतर तिथे वाजवणारा तो पहिला उत्तर अमेरिकी पियानोवादक. मॉस्कोच्या पहिल्या कार्यक्रमात पूर्वार्धाला बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. मध्यंतरात लोकांनी फोन करकरून ओळखीच्यांना बोलावलं आणि उत्तरार्धाला सभागृह गच्च भरलं. कुठल्याही कलावंताला यापेक्षा जास्त काय हवं असतं? पण गूल्डला याच दौऱ्यातून एक वेगळाच धडा मिळाला, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्यातच दिसतं.

त्या दौऱ्यात बाखची पाचवी पार्टिटा (नृत्यांच्या चालींवर बेतलेल्या तुकड्यांची मालिका) त्याने पुन्हा पुन्हा वाजवली. सभागृहं मोठी. मागच्या रांगेपर्यंत काहीतरी पोचावं म्हणून तो हळूहळू ओळी फुगवायला लागला. इथे आवाज चढव, तिथे एकदम उतरव, शेवटाला थोडं थांबून मजा आण. संगीताला त्याची गरज नव्हती, जागेला होती. परत आल्यावर त्याने तीच कृती कोलंबियासाठी मुद्रित केली आणि ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं की सभागृहातल्या सगळ्या क्लृप्त्या बोटांत बसल्या आहेत आणि समोर फक्त माइक असतानाही त्या बाहेर पडत आहेत. आपलं हे ध्वनिमुद्रण वाईट आहे, असं तो पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिला.

ही तक्रार मला तंतोतंत पटते. सलग पंधरा-वीस कार्यक्रम करून थेट स्टुडिओत आलेला गायक मी लगेच ओळखतो. समेवर येताना तो समोरच्या काचेकडे बघतो. तिथे दाद देणारं कोणी नसतं, मी असतो, आणि माझं लक्ष मीटरच्या काट्याकडे असतं.

मग भीती नव्हती का? होती. विमानाची भीती होती, थंडीची होती, जंतूंची होती, लोकांनी हात दाबून हस्तांदोलन करण्याची तर होतीच. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टाइनवे या पियानो बनवणाऱ्या कंपनीच्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञाने दोस्तीत पाठीवर थाप मारली, तर खांदा दुखावला म्हणून गूल्डने स्टाइनवे कंपनीवर तीन लाख डॉलरचा दावा ठोकला. प्रकरण नऊ हजारांच्या आसपास मिटलं. ठरलेले कार्यक्रम आयत्या वेळी रद्द करण्यात तो पटाईत होता. औषधांच्या गोळ्यांनी बॅग भरलेली असायची. कार्यक्रमाआधी हात गरम पाण्यात बुडवून बसायचा. या सगळ्यावरून त्याला मरणोत्तर कुठला ना कुठला आजार चिकटवण्याचा उद्योग बरेच जण करतात. मी त्या वाटेला जात नाही. न भेटलेल्या, न तपासलेल्या माणसाचं निदान करणं हे डॉक्टरलाही शोभत नाही, मी तर रेकॉर्डिस्ट.

मुद्दा इतकाच की नुसती भीती असती तर तो गप्प बसला असता. १० एप्रिल १९६४ ला लॉस एंजेलिसच्या विल्शायर एबेल थिएटरमध्ये त्याने शेवटचा जाहीर कार्यक्रम केला. निरोपाचं भाषण नाही, घोषणा नाही. त्यानंतरची अठरा वर्षं त्याने स्टुडिओत, रेडिओत आणि टीव्हीत जे काम केलं ते बघितलं की पळून गेलेल्या माणसाचं हे काम नाही, हे कळतं. टाळ्यांवर बंदी घालावी असा त्याचा एक लेख आहे, अर्धा गमतीचा, अर्धा गंभीर. मैफलीवर त्याचा मुख्य आक्षेप एकच होता: तिथे दुसरा टेक नसतो. नाटकाचा प्रयोग आणि सिनेमा या दोन वेगळ्या कला आहेत हे आपण मान्य करतो. सिनेमात नटाचा एक प्रसंग सहा वेळा घेतला म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाही. वादकालाच ती सूट का नाही, असं तो विचारायचा.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी १९६६ मध्ये 'हाय फिडेलिटी' मासिकात त्याने स्वतःच सांगितलेली एक हकीकत सविस्तर बघू, कारण या विषयावर यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर'च्या (प्रील्यूड, म्हणजे प्रवेशाचा तुकडा, आणि त्यामागे फ्यूग अशा जोड्यांचा दोन भागांचा संग्रह) पहिल्या भागातला ए मायनर या स्वरपट्टीतला फ्यूग. ज्यांना फ्यूग माहीत नाही त्यांच्यासाठी: एक छोटी स्वरओळ सुरुवातीला एकटी येते, मग दुसऱ्या आवाजात, तिसऱ्या आवाजात तीच येते, आणि पुढे हे आवाज एकमेकांच्या मागे लागतात, एकमेकांवर चढतात. या फ्यूगची मूळ ओळ एकतीस स्वरांची आहे. ती ओळ तुम्ही कशी उच्चारता यावर अख्ख्या फ्यूगचा स्वभाव ठरतो, कारण तीच ओळ सतत परत येत राहते.

गूल्डने या फ्यूगचे आठ टेक केले. त्यांतले सहावा आणि आठवा निर्मात्याच्या टिपणात चांगले म्हणून नोंदले गेले. दोन्ही सलग, पूर्ण, एकही चूक नसलेले. म्हणजे दुरुस्तीची गरजच नव्हती. काही आठवड्यांनी संपादनाच्या खोलीत दोन्ही आलटूनपालटून ऐकले तेव्हा स्टुडिओत न जाणवलेला दोष दिसला: दोन्ही एकसुरी होते. सहाव्यात ती ओळ जोडून, गंभीरपणे, जरा जास्तच रुबाबात वाजवली होती. आठव्यात तीच ओळ तोडून, टिपऱ्या वाजाव्यात तशी उड्या मारत होती. सहावा टेक सुरुवातीला शोभत होता, पण पुढे पुढे जड व्हायचा. आठवा मध्ये खुलायचा, पण सुरुवातीला उथळ वाटायचा. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की स्वभाव इतका वेगळा असूनही दोन्हींची लय जवळजवळ एकच आहे. झालं. सुरुवात सहाव्या टेकची, चौदाव्या बारमध्ये (बार म्हणजे स्वरलिपीतला मात्रांचा एक खंड) आठव्यावर उडी, आणि मूळ ए मायनर स्वरपट्टी परत येते तिथे पुन्हा सहावा. फक्त दोन जोड.

आता सांगा, यात काय लपवलं? चूक लपवली नाही, कारण चूक नव्हतीच. गूल्डला एकाच बैठकीत जे सुचलं नाही ते काही आठवड्यांनी, शांतपणे ऐकताना सुचलं. वाजवून झाल्यावरही तो त्या कृतीचा विचार करत होता आणि तो विचार त्याने टेपवर लिहिला. लेखक पहिला खर्डा आणि तिसरा खर्डा एकत्र करतो तेव्हा आपण त्याला फसवणूक म्हणत नाही.

माझ्या अनुभवात जोडाच्या दोन जाती आहेत. एक गोधडीचं ठिगळ, दुसरं हे. ठिगळवाला जोड मला रोज करावा लागतो: घसरलेला सूर, मधेच खोकला, तबल्याचा चुकलेला बोल. त्यात कमीपणा काही नाही, पण त्यातून नवीन काही जन्माला येत नाही. गूल्डनेही ठिगळं लावली, सगळेच लावतात. त्याचं वेगळेपण दुसऱ्या जातीत आहे, जिथे दोन्ही तुकडे निर्दोष असतात आणि जोडल्यावर तिसरंच काहीतरी तयार होतं.

हा जोड हाताने कसा होतो तेही सांगतो, म्हणजे त्यातली कारागिरी कळेल. व्यावसायिक टेप सेकंदाला पंधरा इंच, म्हणजे साधारण अडतीस सेंटिमीटर धावायची. एक सेकंदाचं संगीत तुमच्या कोपरापासून मनगटाच्या पुढेपर्यंत पसरलेलं. दोन्ही रिळं हाताने मागेपुढे फिरवत टेप हेडवरून हळूहळू न्यायची. आवाज जाड, घोगरा, प्राण्याच्या हुंकारासारखा होतो, पण पियानोचा हातोडा तारेवर पडतो ती जागा त्यातही नेमकी सापडते. तिथे पांढऱ्या पेन्सिलने खूण करायची. मग ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातल्या खाचेत टेप बसवून ब्लेडने तिरका काप द्यायचा. तिरका अशासाठी की पाव इंच रुंद टेपवर पंचेचाळीस अंशाचा काप दिला तर एक आवाज संपून दुसरा सुरू व्हायला सेकंदाचा साधारण साठावा भाग मिळतो आणि टक् असा आवाज येत नाही. मग मागच्या बाजूने चिकटपट्टी.

काप नेहमी आघातावर, दोन आघातांच्या मधल्या शांततेत कधीच नाही. नवख्याला उलटं वाटतं. पण आघाताच्या आवाजाखाली जोड दडून जातो आणि शांततेत उघडा पडतो. खरी अडचण वेगळीच असते. सभागृहात किंवा चर्चसारख्या मोठ्या खोलीत आधीच्या स्वराची आस मागे रेंगाळत असते. पहिल्या टेकमधला आधीचा स्वर मोठा होता आणि दुसऱ्या टेकमधला हलका, तर कापापाशी ती आस एकदम बदलते आणि कानाला पायरी उतरल्यासारखं वाटतं. म्हणून तुकडा पुन्हा घ्यायचा असेल तर चार-दोन बार आधीपासून, त्याच जोराने वाजवून घ्यावं लागतं. गूल्डच्या वादनात पेडल (स्वर रेंगाळत ठेवणारी पायपट्टी) फार कमी आणि स्वर सुटे सुटे. त्यामुळे त्याच्या टेपवर जोड घालणं तुलनेने सोपं जात असणार, हा माझा धंद्यातला अंदाज. पेडलमध्ये बुडवलेल्या संगीतात असे जोड घालायला बसला असता तर त्याच्या संपादकांनी नोकरी सोडली असती.

जोड ऐकू येतात हा लोकांचा भ्रम आहे, असं गूल्डचं म्हणणं होतं, आणि ते त्याने तपासूनही पाहिलं. १९७५ मध्ये त्याने या प्रयोगावर लेख लिहिला. अठरा जणांना ध्वनिमुद्रणं ऐकवली, कुठे जोड आहे ते सांगा म्हटलं. त्यांत व्यावसायिक संगीतकार होते, ध्वनितंत्रातले लोक होते आणि साधे श्रोतेही होते. सगळे जोड नेमके कोणालाच पकडता आले नाहीत. नसलेल्या जागी जोड आहे असं मात्र सांगितलं गेलं. मी हा खेळ नव्या पोरांशी खेळतो. निकाल तोच लागतो.

त्याच्या गुणगुणण्याबद्दल एक परिच्छेद हवाच, कारण ते आम्हा लोकांचं दुखणं. त्याची आई त्याची पहिली शिक्षिका, आणि जे वाजवतोस ते गा अशी तिची शिकवण होती. ते गाणं पुढे थांबलंच नाही. शिवाय ती खुर्ची करकरायची. दुसरा कोणी असता तर माइक लांब नेऊन आवाज टाळता आला असता, पण गूल्डला पियानो जवळून, कोरडा हवा होता. माइक जवळ म्हणजे गाणंही जवळ. इंजिनिअरांनी जमेल तेवढं केलं आणि उरलेलं तबकडीवर राहिलं. गाणं बंद केलं तर वादन बिघडतं, असं तो सांगायचा. त्याचा लाडका स्टाइनवे, क्रमांक सीडी ३१८, हाही असाच. पट्ट्यांचं वजन हलकं हवं, प्रतिसाद झटपट हवा, म्हणून त्याने त्यात इतके फेरफार करून घेतले की मधल्या सप्तकातले काही स्वर उचकी लागल्यासारखे दुहेरी वाजायला लागले. बाखच्या इन्व्हेन्शन्सच्या तबकडीवर ती उचकी ऐकू येते, आणि गूल्डने वेष्टनावरच्या मजकुरात तसं कळवूनही टाकलं. सदोष माल असं छापून विकणारा कलावंत विरळाच. १९७१ मध्ये वाहतुकीत तो पियानो आपटला, चौकटीला तडे गेले. दुरुस्त केला, पण तो पुन्हा पहिल्यासारखा वाजला नाही.

१९७० नंतर त्याने न्यूयॉर्कला जाणं बंद केलं. टोरांटोतल्या ईटन नावाच्या मोठ्या दुकानाच्या सातव्या मजल्यावर एक जुनं सभागृह होतं, तिथे रात्री रात्री काम चालायचं. मशिनं त्याने स्वतः घेतली. इथे तो निव्वळ वादक राहिला नाही, आमच्यातलाच एक झाला. फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्या काही रचना मुद्रित करताना त्याने माइकच्या कितीतरी रांगा लावल्या: काही पियानोच्या आत, काही जवळ, काही लांब, काही पार सभागृहाच्या टोकाला. नंतर मिश्रण करताना संगीताप्रमाणे तो ऐकणाऱ्याला जवळ न्यायचा, लांब न्यायचा. कॅमेऱ्याचा जवळचा आणि लांबचा शॉट असतो तसं. मला स्वतःला हे प्रयोग पूर्ण यशस्वी वाटत नाहीत. जागा बदलते आहे हे कानाला इतकं जाणवतं की संगीतावरचं लक्ष उडतं. पण पियानोच्या ध्वनिमुद्रणात हे करून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं होतं?

कॅनडाच्या सीबीसी या सरकारी रेडिओसाठी १९६७ मध्ये त्याने 'द आयडिया ऑफ नॉर्थ' हा कार्यक्रम केला. कॅनडाच्या उत्तरेकडे राहिलेल्या लोकांच्या मुलाखती, पण एकामागून एक लावलेल्या नाहीत. एक बाई बोलत असते, तिच्या वाक्यात दुसरा माणूस शिरतो, मग तिसरा. तिन्ही आवाज एकत्र चालतात. खाली आगगाडीची धडधड, बाखच्या खालच्या ओळीसारखी. फ्यूगच तो, माणसांच्या बोलण्याचा. या कामाला त्याने जितके तास घातले असतील तितक्या वेळात तीन-चार तबकड्या झाल्या असत्या.

सगळंच त्याचं डोक्यावर घ्यावं असं नाही. मोझार्टचे सोनाटा त्याने असे वाजवले आहेत की त्याला मोझार्ट आवडत नाही हे सिद्ध करायचं होतं की काय असं वाटतं. बेथोव्हनच्या 'आपास्सिओनाता'ला त्याने इतकं संथ केलं की जीव गुदमरतो. येत्या शंभर वर्षांत जाहीर मैफल नाहीशी होईल हे त्याचं भाकीतही काही खरं होण्याच्या मार्गावर दिसत नाही. उलट ध्वनिमुद्रणं फुकटच्या भावात गेली आणि कलावंतांचं पोट पुन्हा मैफलीवर आलं. त्याचं दुसरं भाकीत मात्र बरोबर निघालं: ऐकणारा नुसता ऐकणार नाही, घरी बसून आवाजाची बटणं फिरवेल, तुकडे निवडेल, स्वतःची आवृत्ती बनवेल. आज कानात इअरफोन घातलेला प्रत्येक जण तेच करतो.

आता तिसरा प्रश्न, रागसंगीतात हे चालेल का.

गूल्डच्या त्या सहाव्या आणि आठव्या टेकचा जोड का बसला हे आठवा. संहिता एकच, छापलेली. लय ठरलेली. चौदावा बार दोन्हींत चौदावाच. आपल्याकडे दोन टेक म्हणजे दोन वेगळी गाणी. मध्यंतरी एका गायकाचा विलंबित ख्याल माझ्याकडे होता. आलापीतला एक भाग त्यांना पहिल्या टेकमधला हवा होता, बाकी दुसरा टेक. सुरांची जुळणी होती, समही सापडत होती. तानपुऱ्याचं आवर्तन कापापाशी जुळवणं जिकिरीचं होतं, कारण कापाच्या अलीकडे पंचम छेडलेला आणि पलीकडे पुन्हा पंचमच आला तर कान लगेच अडखळतो. तेही जमलं. पण ऐकलं तर गाणं मेलेलं. पहिल्या टेकमध्ये त्यांनी गंधारावर जे सुचवून ठेवलं होतं त्याचं उत्तर त्याच टेकमध्ये पुढे होतं, आणि ते आम्ही कापून टाकलं होतं. शिवाय लय अर्ध्या तासात नकळत चढते. दहाव्या मिनिटाचा तुकडा बाराव्या मिनिटाला बसवला तर ठेका दचकतो. त्यांनी दोनदा ऐकलं आणि दुसरा टेक जसा होता तसा ठेवायला सांगितलं. म्हणून माझं मत असं: बंदिश, द्रुताचा एखादा भाग, ठुमरीचा मुखडा, इथपर्यंत जोड चालतात आणि सगळीकडे चालतातही. पण बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, जोडता येत नाही. गूल्डची पद्धत जशीच्या तशी उचलणाऱ्याने आधी आपल्या संगीतात लिहिलेलं काय आणि त्या क्षणी सुचलेलं काय हे वेगळं करून बघावं.

या विषयात एक योगायोग मला फार आवडतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गूल्ड आहे: 'वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर'च्या दुसऱ्या भागातला पहिला प्रील्यूड आणि फ्यूग. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, सूरश्री केसरबाई केरकर आहेत, 'जात कहाँ हो' ही भैरवी घेऊन. केसरबाई ध्वनिमुद्रण आणि रेडिओ या दोन्हींपासून शक्यतो लांबच राहिल्या. त्यांचं गाणं म्हणजे समोर बसून ऐकायचं गाणं. ती भैरवीही जुन्या तबकडीच्या एका बाजूत, साडेतीन मिनिटांत मावलेली. मैफलीवर फुली मारणारा एक आणि यंत्रावर भरवसा नसलेल्या एक, दोघंही एकाच धातूच्या चकतीवर सूर्यमालेबाहेर गेले. दोघांमध्ये चूक कोण, असं मला विचाराल तर दोघांनीही आपापल्या संगीताला काय लागतं ते ओळखलं होतं, असं मी म्हणेन.

गूल्डकडे परत येऊ. १९८१ च्या वसंतात तो त्याच तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पुन्हा गेला आणि गोल्डबर्ग पुन्हा मुद्रित केले, या वेळी डिजिटल यंत्रावर आणि यामाहा पियानोवर. समोर फ्रेंच चित्रपटकार ब्रुनो मोंसेंजों यांचा कॅमेरा होता. तो स्टुडिओ लवकरच बंद झाला. १९५५ ची सगळी कृती साधारण साडेअडतीस मिनिटांत संपते, १९८१ ची एक्कावन्न मिनिटं चालते. सुरुवातीची आरिया तरुणपणी दोन मिनिटांच्या आत, पन्नाशीला टेकताना तीन मिनिटांहून जास्त. आणि नुसती संथ नाही. एका व्हेरिएशनची लय पुढच्या व्हेरिएशनच्या लयीशी पटीत बांधलेली आहे, दुगुण, दीडपट अशी, त्यामुळे तीस तुकडे सुटे न वाटता एकच लांब चाल वाटते. ख्यालाचा कान असलेल्याला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. सप्टेंबर १९८२ मध्ये ती तबकडी आली. त्याच महिन्यात, पन्नासावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला, आणि ४ ऑक्टोबरला तो गेला.

तुम्ही पियानो शिकताय म्हणून ऐकण्याचा क्रम सांगतो. आधी ए मायनरचा फ्यूग, समोर छापील स्वरलिपी ठेवून. चौदाव्या बारला थांबू नका, पहिल्यांदा सलग ऐका. मग दुसऱ्यांदा त्या बारच्या अलीकडे-पलीकडे मूळ ओळ कशी उच्चारली आहे तेवढंच ऐका. त्यानंतर दोन्ही आरिया, आधी १९८१ ची, मग १९५५ ची; उलट क्रमाने ऐकल्या तर दुसरी नुसती हळू वाटते. पाचवी पार्टिटा ऐकाच, त्याला स्वतःला न आवडलेली. आणि शेवटी बर्ड आणि गिबन्स यांच्या रचनांची १९७१ ची तबकडी. ती रात्री, हेडफोन लावून ऐका, आणि आवाज थोडा कमीच ठेवा. त्यात कोपऱ्यात गूल्ड गाताना ऐकू येतो. तुमचा पियानो घासाघीस करून महागातला घेतलेला असेल तर त्याच्या पट्ट्यांचं वजन कमी करायला मात्र कोणाला देऊ नका.